बिंदूची रुंदी

करंजपाणीच्या शिवारात एक दगड आहे.
शहाऐंशी साली मीच पुरला,
खाली कोळसा आणि फुटकी कौलं घालून,
उद्या कुणी उपटला तरी जागा बोलेल म्हणून.

नैर्ऋत्येला गायरान, सरकारी.
ईशान्येला सातपुड्याचं जंगल, तेही सरकारी.
वायव्येला लीलाधर चौधरींची केळी,
आग्नेयेला सुपडू महाजनांची हळद.
चौघे एका दगडाला टेकलेले,
पाठीला पाठ लावून, न बोलता.

मेहरबान तडवी गायरानातून येतो.
दगडापाशी थांबतो, चप्पल हातात घेतो,
उजवा पाय उचलून तिरपा टाकतो
आणि जंगलात असतो.
खासगी मातीचा एक कण तळव्याला लागत नाही.
पण खांदा?
चौधरींचे वकील म्हणाले, खांदा आमच्या हवेतून जातो.

मी छत्तीस वर्षं सातबारे वाचले.
त्यात पोटखराबा असतो, विहीर असते,
दोन आंबे, एक चिंच, बँकेचा बोजा.
हवेचा रकाना मला दिसला नाही.

वाघूर म्हटलं की जळगावकडे सगळ्यांना नदी आठवते.
मेहरबानच्या घरी ती जाळी आहे,
आज्यानं अंबाडीच्या सुतानं विणलेली, सशासाठी.
शिकारबंदीचा कायदा आला तशी आढ्याला गेली,
आता कोंबड्यांवर झाकतात.
तो जातो सालईच्या डिंकाला, चारोळीला, मोहाला.
गावाला सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळालाय,
लॅमिनेट करून ठेवलाय, ओल लागू नये म्हणून.
काय काय आणायचं ते सगळं त्यात आहे.
कुठून जायचं, ते नाही.

माघात रात्री दोन वाजता त्याचा फोन वाजला.
केळीत डुकरं.
‘ये रे भो, लवकर ये,
मधूनच ये, फाटक उघडं हाय.’
चौधरींकडे बंदूक होती, वनखात्याचा परवाना होता,
माग काढणारे डोळे नव्हते.
ठिबकच्या नळ्या ओलांडत, वाळलेल्या पानांत आवाज न करता
मेहरबान पुढे,
ज्या वाफ्यातून दिवसा गेला तर पोलीस पाटील येतो
त्याच वाफ्यातून.

गोळी लागली, पण बरोबर नाही.
जनावर दगडाच्या अंगावरून पलीकडे गेलं.
परवान्यात साफ लिहिलेलं:
जंगलात शिरल्यास पाठलाग करू नये.
चौधरी दगडापाशी थांबले,
कायदा पाळणारा माणूस, बूट बरोबर बांधावर.
नळी तेवढी वीतभर पुढे.

मेहरबान हळूच म्हणाला,
‘भाऊ, नळी मागं घ्या.
तिकडची हवा सरकारची हाय.’

हे मला त्यानं सांगितलं नाही.
चौधरींनीच सांगितलं, स्थळपाहणीच्या दिवशी,
चहा पिताना, हसत, आणि मग न हसता.

तहसीलदार बाई तरुण होत्या, टोपी घालून आल्या होत्या.
मला निवृत्त झाल्यावरही बोलावलं, साक्षीला.
विचारलं, या बिंदूची रुंदी किती?
म्हटलं, शाळेत शिकवलेलं खरं धरलं तर शून्य.
पण नकाशा मी काढलाय.
पाच हजारास एक प्रमाण,
त्या दिवशी अंगात ताप होता, टाकाचं टोक फाकलेलं,
ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा पडला.
म्हणजे जमिनीवर अडीच मीटर.
बैलगाडी जाईल.

बाई हसल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं,
मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं.
महाजन हळदीत उभे राहून ऐकत होते,
कुणाची बाजू घ्यावी ते ठरत नसल्यासारखे
एक पान चोळत.
मेहरबानला विचारलं, तुला काय म्हणायचंय?
तो म्हणाला, डिंकाला उशीर होतो.

पुढची तारीख चौदा.
निघताना मी दगडावर हात फिरवला.
छिन्नीनं कोरलेली फुली होती माझी.
डुकरांनी पाठ घासून घासून
ती जवळजवळ गुळगुळीत केली आहे.